११० माणसांचं चॅपेल आणि ३५० पाहुण्यांचं लग्न

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याला लागून असलेल्या एका गावठाणात, आंब्याफणसाच्या वाडीत, एक छोटं खाजगी चॅपेल, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनामंदिर, आहे. वाडी एका ईस्ट इंडियन, म्हणजे या भागातल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक, कुटुंबाची. बरीच वर्षं ते बंद पडलेलं होतं, मग कर्ज काढून दुरुस्त केलं आणि आता लग्नकार्यासाठी भाड्याने दिलं जातं. जुन्या इमारतींचा रोजचा वापर कसा असावा याबद्दल सल्ला देणं हे माझं काम. मालकांनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्या हंगामातलं सगळ्यात मोठं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. नावं इथे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अडचण अशी. नौपाड्यातल्या एका कुटुंबाने गणपतीच्या दिवसांत मार्गशीर्षातल्या गोरज मुहूर्तासाठी जागा ठरवली. कागदावर लिहिलं होतं १५० पाहुणे. दिवाळी झाली, पत्रिका वाटल्या गेल्या आणि वराच्या काकांनी थेट केटररला फोन केला, "३५० प्लेट धरा." केटरर म्हणाला, "होऊन जाईल." मालकांना हे कळलं ते केटररचा माणूस अंगणाची मापं घ्यायला आला तेव्हा. त्याच सुमारास आणखी मागण्या आल्या: होम आत, चॅपेलच्या जुन्या वेदीच्या जागेसमोर व्हावा, वेदीमागच्या कोनाड्यात गणपती बसवावा, वधूवरांच्या प्रवेशाला कोल्ड पायरो, म्हणजे ठिणग्यांचे कारंजे, उडावेत, जेवणानंतर डीजे.

मालकांच्या घरात दोन तट पडले. मुलाचं म्हणणं, कर्जाचा हप्ता आहे, आलेलं गिऱ्हाईक सोडायचं नाही. सुनेचं म्हणणं, एवढी माणसं आत शिरली तर पुढच्या वर्षी भाड्याने द्यायला काही उरणार नाही. सासूबाई म्हणाल्या, "आधी त्या माणसांना इकडे बोलवा, फोनवर कसली लग्नं ठरवता?" शेवटी कामाला आलं ते सासूबाईंचंच म्हणणं, पण त्याआधी इमारत समजून घ्यावी लागेल.

इमारत काय सोसते

सभागृह साधारण १४ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद. भिंती दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. वर सागवानी कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, आणि मंगळुरी कौलं. समोरचं दार दीड मीटरचं आणि आत उघडणारं. दुसरं दार बाजूच्या खोलीतून, मीटरभरही नाही. मजल्याचं क्षेत्रफळ पाहून कुणीही म्हणेल की खुर्च्या दाटून लावल्या तर दीडशे माणसं सहज बसतील. बसतीलही. प्रश्न ती बाहेर पडण्याचा आहे. आत उघडणाऱ्या दारावर गर्दी लोटली की दार उघडताच येत नाही, म्हणून कार्यक्रमभर ते मागे कडी घालून उघडं ठेवावं लागतं आणि तिथे एक माणूस उभा करावा लागतो. गावठाणाच्या गल्लीत अग्निशमन दलाची मोठी गाडी वळत नाही. त्यामुळे वाडीतल्या विहिरीवर पंप आणि होज बसवला आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘बी’ नमुना, दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. मालक ते वेळेवर देतात. आत एका वेळी फक्त ११० माणसं, हा आकडा आला तो या दारांवरून आणि गल्लीवरून.

दुसरं कारण भिंतींचं. चॅपेल बंद होण्याआधी कुणीतरी आतून सिमेंटचा गिलावा मारला होता. सिमेंट ओल अडवतं. मग जमिनीतून चढलेलं पाणी भिंतीच्या आतच फिरत राहतं, बरोबर क्षार आणतं, आणि एखाद्या वर्षी सगळा गिलावा पोपड्यासारखा सुटून येतो. इथे तसंच झालं होतं. दुरुस्तीत सिमेंट खरवडून काढलं, भिंती दोन उन्हाळे उघड्या वाळवल्या आणि मुरवलेल्या चुन्याचा गिलावा केला. चुना ओल घेतो आणि सोडतो. त्याला फक्त वेळ लागतो आणि वारा लागतो.

बसलेला माणूस श्वासातून आणि घामातून तासाला साधारण ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो, उकाड्यात जास्तच. ११० माणसं म्हणजे तासाला साडेपाच लिटर. रात्रभर खिडक्या उघड्या ठेवल्या तर एवढं भिंती सोसतात. एकामागून एक तीन दिवस कार्यक्रम झाले तर नाही सोसत. उत्तरेच्या भिंतीला ऊन लागत नाही, तिथे पहिल्यांदा पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, दिसतो. म्हणून दोन कार्यक्रमांमध्ये किमान दोन दिवस जागा मोकळी ठेवायची, असं आधीच ठरलं होतं.

जागा बघायला येणारे सगळ्यात आधी विचारतात, "एसी आहे ना?" नाही, आणि हा कंजूषपणा नव्हे. एसी हवा कोरडी करतो, कोरडी हवा भिंतीतली ओल भराभर बाहेर ओढते आणि त्या ओलीबरोबर आलेले क्षार नेमके पृष्ठभागावर, रंगाखाली जमतात. शिवाय एसी म्हणजे खिडक्या बंद. डिसेंबरच्या संध्याकाळी ठाण्यात पंख्यावर भागतं. एप्रिलमध्ये भागत नाही, हे मालकही कबूल करतात.

जाहिरातीत या जागेला ‘४०० वर्षांचं पोर्तुगीज चॅपेल’ म्हटलं होतं. मी ते काढायला सांगितलं. ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास जुना आहे यात शंका नाही. १३२१ मध्ये इथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, १५३४ च्या वसईच्या तहानंतर साष्टी, म्हणजे ठाणं ज्या बेटावर आहे ते, पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. पण म्हणून याच भिंती तेव्हाच्या आहेत असं ठरत नाही. भिंतींच्या जुन्या चुन्यात शिंपल्यांचे तुकडे आहेत हा मुलाचा पुरावा होता. शिंपल्यांचा चुना किनाऱ्यावर इंग्रजांच्या काळातही भाजत. मंगळुरी कौलांचे कारखाने १८६५ नंतरचे, पण छपरं तर बदलतातच. एकही तारखेचा दगड नसताना वय सांगणं म्हणजे गिऱ्हाइकाला खोटं सांगणं, आणि ज्याला जुनं खरंच आवडतं तो गिऱ्हाईक पहिल्या भेटीत हेच विचारतो.

वेदी आणि कोनाडा

इथे लग्न लावणाऱ्यांत कॅथलिक जवळजवळ नाहीत, याचं लोकांना आश्चर्य वाटतं. कॅथलिक लग्न आपल्या पॅरिशच्या, म्हणजे राहत्या भागाच्या, चर्चमध्ये लागतं, किंवा परवानगी घेऊन दुसऱ्या चर्चमध्ये. हे चॅपेल आता उपासनेचं स्थान उरलेलं नाही, त्यामुळे ख्रिस्ती कुटुंबं इथे फक्त रिसेप्शनला येतात. बाकी हिंदू लग्नं, आणि अधूनमधून १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालची. त्या कायद्यात विवाह अधिकाऱ्याला ज्यादा फी भरून कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावरच्या जागी बोलावता येतं. नोटिशीचे ३० दिवस मात्र आधी भरावे लागतात, हे जागा ठरवून बसलेल्या जोडप्यांना बऱ्याचदा उशिरा कळतं.

उपासनेचं स्थान लग्नाचा हॉल होणं चर्चच्या कायद्यात बसतं का? बसतं. १९८३ च्या कॅनन लॉ संहितेत तशी तरतूद आहे. बिशप एखादं चर्च लौकिक वापरासाठी मोकळं करू शकतात, फक्त तो वापर हीन नसावा. चॅपेलचाही परवानगीशिवाय असा वापर करता येत नाही. कुटुंबाने ती रीतसर घेतली होती. मात्र याच संहितेतली एक बारीक गोष्ट पुष्कळ जणांच्या नजरेतून सुटते: जागा लौकिक झाली तरी वेदीचं पावित्र्य आपोआप जात नाही. वेदीचा निर्णय वेगळा करावा लागतो. इथली लाकडी वेदी दुसऱ्या चर्चला दिली गेली, मूर्ती घरात आल्या, आणि मागचा कमानदार कोनाडा रिकामा राहिला. त्या पायरीवर बार लावायचा नाही आणि कोनाड्यात काही मांडायचं नाही, हे कुटुंबाने स्वतःवर घालून घेतलेलं बंधन आहे.

म्हणून कोनाड्यातला गणपती हा या प्रकरणातला सगळ्यात नाजूक विषय होता. डीजेला नाही म्हणणं सोपं. देवाला नाही कसं म्हणायचं? मुलाला भीती होती की ‘यांना आमचा देव चालत नाही’ असं बोललं जाईल आणि मोबाइलवर फिरेल.

सासूबाईंच्या सांगण्यावरून काका, वधूची आई आणि गुरुजी यांना दुपारी वाडीत बोलावलं. ही बैठक चॅपेलमध्ये घेतली नाही, घराच्या ओट्यावर घेतली. चहा झाला. सासूबाईंनी काकांना कोनाडा दाखवला आणि साधं सांगितलं, "आमच्या आजीचा देव तिथं होता, भाऊ. तो आम्ही हलवला तेव्हा जागा मोकळी ठेवायची असं ठरवलं. आमचाही कुणी तिथं परत बसवत नाही." काका क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मग राहू द्या. कुणाच्या देवघरात आपण कसे घुसणार?" गुरुजींनी तर प्रश्नच मिटवला. त्यांना चौरंग पूर्वेला हवा होता आणि कोनाडा पश्चिमेच्या भिंतीत होता! इतके दिवस कुणी गुरुजींना विचारलंच नव्हतं.

हे मालकांनी नीट हाताळलं असं माझं मत आहे. कराराच्या कागदात ‘वेदीच्या जागी धार्मिक वस्तू ठेवू नयेत’ असं एक कलम होतं, ते वाचून कुणालाही राग आला असता. कारण सांगितलं की तोच नियम अडचणीचा वाटला नाही.

२०० प्लेट कुठून वाढल्या

आता पैशांकडे. घोडबंदर रस्त्यावरचे बँक्वेट हॉल प्लेटवर चालतात. हॉलचं भाडं नाममात्र किंवा शून्य, प्लेटचा दर ठरलेला, आणि किमान अमुक प्लेट घ्याव्याच लागतात. मोठ्या हॉलला ते परवडतं, कारण माणूस वाढला की नफा वाढतो आणि भिंतीला काही होत नाही. मालकांनी तीच पद्धत उचलली होती. भाडं बेताचं, केटरर ठरलेला, आणि केटररकडून प्लेटमागे १०० रुपये.

याचा अर्थ असा की काकांनी २०० प्लेट वाढवल्या तेव्हा मालकांना घरबसल्या २०,००० रुपये मिळणार होते. केटररचा फायदा त्याहून मोठा. नाही म्हणण्यात कुणाचाच फायदा नव्हता. भिंतीचा होता, पण ती बैठकीला येत नाही. मी मुलाला एका भिंतीला पुन्हा चुना लावायचा खर्च काढायला सांगितला: परांची, मजुरी, चुना आणि त्या काळात बुडणाऱ्या तारखा. २०,००० त्यातल्या परांची-मजुरीलाच संपत होते. ११० माणसांच्या जागेने प्लेटवर जगायचं म्हटलं तर ती रोज स्वतःच्या मर्यादेविरुद्ध धंदा करते. इथे जागेचंच भाडं घ्यायला हवं, चांगलं घसघशीत, आणि माणसं कमी आली म्हणून एक रुपयाही कमी होता कामा नये.

अनामत रकमेबद्दलही बोलायला हवं. मालकांनी ‘नुकसान झाल्यास’ म्हणून मोठी अनामत घ्यायला सुरुवात केली होती. माझ्या मते ते उलटं पडलं. मोठी रक्कम भरलेला माणूस डागाची किंमत आधीच चुकती केल्यासारखा वागतो. डेकोरेटर तर स्पष्ट म्हणाला होता, "खिळा मारू द्या, डिपॉझिटमधून कापा." चुन्याच्या भिंतीत मारलेला खिळा पैशांनी भरून निघत नाही, त्याच्याभोवतीचा गिलावा हातभर पोकळ होतो. आता अनामत लहान आहे, आणि डेकोरेटरला जमिनीवर उभ्या राहणाऱ्या लोखंडी चौकटी मालकच देतात. भिंतीला हात लावायची गरजच पडत नाही. थर्माकोल तर २०१८ पासून राज्यातच बंद आहे, तरी दर हंगामात कुणीतरी टेम्पोत घेऊन येतोच.

लग्न सुटं करून पाहिलं

पत्रिका गेल्या होत्या. ३५० माणसं येणार हे नक्की. "अहो, लग्नाला आलेल्याला परत पाठवायचं का?" हा काकांचा प्रश्न रास्त होता.

पहिला विचार सरळ होता: मंगलाष्टकं आत, जवळची ११० माणसं आत, बाकीचे अंगणात. कागदावर उत्तम. पण काकांनी यादी करायला घेतली आणि तासाभराने वही मिटली. मोठ्या आत्याला आत घेतलं तर धाकटीला बाहेर कसं ठेवायचं? ऑफिसातल्या साहेबांना अंगणात उभं करायचं? व्याह्यांकडच्या किती आणि आपल्याकडच्या किती? मानपानाचा प्रश्न दारावरच्या माणसाने सोडवायचा नसतो. आत आणि बाहेर अशी पाहुण्यांची विभागणी या लग्नात होणारच नव्हती.

मग गुरुजींना बसवून विधी एकेक करून पाहिले: कशाला किती माणसं लागतात, किती वेळ लागतो, आणि त्यातून धूर, डाग, पाणी काय येतं.

मंगलाष्टकांना सगळे हवेत, पण दहा-पंधरा मिनिटंच. अक्षता उडतात, त्या हळदीकुंकवाच्या. कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी तासभर चालतात, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी आप्तांखेरीज सगळे जेवणाकडे वळलेले असतात. तिथे तूप आणि धूर. सीमांतपूजन आणि वाङ्निश्चय याला दोन्हीकडची जवळची माणसं, ऐंशी-नव्वद, धूर नाही. जेवण सगळ्यांना. सूनमुख घरच्यांचं.

हळदीचं एक सांगतो, कारण ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. हळद अल्कधर्मी पदार्थाला लागली की लाल होते. घरोघरी कुंकू याच गुणावर हळदीपासून करत. सभागृहाला दरवर्षी चुन्याची ताजी सफेदी होते. त्या भिंतीला कुणी हळदीचा हात टेकला की पिवळा डाग पडत नाही, बघता बघता लाल पंजा उमटतो. आधीच्या एका कार्यक्रमात हे झालं होतं आणि ज्या मुलीचा हात लागला ती बिचारी रडकुंडीला आली होती. तुपाची काजळी त्याहून वाईट. चुना सच्छिद्र असतो, तेलकट धूर त्यात मुरतो. पुसला तर आणखी आत जातो. वर सागवान आणि दोन पिढ्यांची धूळ बसलेले वासे. होम आत होणार नाही, यावर गुरुजी मालकांच्या आधी सहमत झाले. होम उघड्यावर असलेला त्यांना जास्त पसंत होता. डोळे चुरचुरत नाहीत, म्हणाले.

यातून जी मांडणी निघाली ती पहिल्या विचाराच्या बरोबर उलटी. गर्दीचा विधी बाहेर, शांत विधी आत. बोहलं चॅपेलच्या दारापुढच्या रुंद पायऱ्यांवर. वधूवर उंचावर, मागे उघडं दार आणि दर्शनी कमान, समोर अंगणात सगळे ३५०. कुणी आतला नाही, कुणी बाहेरचा नाही. होम आंब्याच्या बाजूला मोकळ्या आकाशाखाली विटांच्या स्थंडिलावर, फांदीपासून लांब. दुपारचं सीमांतपूजन आणि वाङ्निश्चय सभागृहात. संध्याकाळी सभागृह मोकळं ठेवायचं. म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं घेऊन आलेल्या बायका तिथे पंख्याखाली बसतील, आणि शेवटी सूनमुखही तिथेच.

वधूची आई नाराज होती. तिला मंगलाष्टकं आत हवी होती. जागा बघायला आली तेव्हा तिने तिथे उभं राहून एक ओळ गाऊन पाहिली होती आणि आवाज तिच्या मनात भरला होता. तिचं खोटं नव्हतं. चुन्याच्या भिंती आवाज शोषत नाहीत, रिकाम्या सभागृहात सूर चार-पाच सेकंद रेंगाळतो, माणसं भरली की दीड-दोन सेकंदांवर येतो, आणि तो गाण्याला अगदी योग्य. माइक लावला की मात्र शब्दांचा चिखल होतो. शेवटी घरच्या बायकांनी रचलेली मंगलाष्टकं दुपारी वाङ्निश्चयानंतर आत, माइकशिवाय म्हणायची असं ठरलं. शास्त्रात बसतं का, असं कुणी विचारलं. गुरुजी म्हणाले, "गाण्याला कोण अडवतंय?"

जेवण आणि रात्रीचे १०

अंगणात एका वेळी १२० माणसं टेबलावर बसू शकतात. केटररला बुफे हवा होता. बुफेत माणूस ताट घेऊन उभा राहतो, गप्पा मारतो, पुन्हा रांगेत जातो. ३५० माणसं दोन तास अंगणातच राहतात. सासूबाईंनी सुचवलं, पंगती करा. टेबलखुर्चीवर, पण वाढून. एक पंगत ४० मिनिटांची, तीन पंगती, मध्ये टेबलं पुसायला वेळ. पंगत उठते तेव्हा सगळी एकदम उठते, हा तिचा मोठा गुण. आहेर आणि फोटोसाठी स्टेजसमोर लागणारी रांग हीच खरी कोंडी असते. ती टाळायला वधूवरांनी प्रत्येक पंगतीत फिरून जिलबीचा आग्रह करायचा आणि फोटो तिथेच काढायचे. फोटोग्राफर कुरकुरला. त्याचे दिवे लावायला मागे पडदा नव्हता.

आवाजाच्या बाबतीत डीजेवाल्याने एक युक्तिवाद केला जो मी इतर ठिकाणीही ऐकला आहे: "हॉल बंदिस्त आहे, त्यामुळे १० चा नियम लागू नाही." ध्वनी प्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि बंदिस्त सभागृहांना त्यातून सूट आहे, हे खरं. पण त्याच नियमांत खाजगी जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये असंही आहे. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५. या चॅपेलला एसी नाही, खिडक्या उघड्या, म्हणजे ते बंदिस्त नाहीच. हद्दीच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्याची झोपायची खोली आहे. मागे येऊरच्या बाजूचं जंगल फार लांब नाही. तिथल्या बंगल्यांतल्या पार्ट्यांवरून रहिवाशांच्या तक्रारी गाजल्यापासून या पट्ट्यात लोकांचे कान तयार आहेत. डीजे रद्द झाला, सनई-चौघडा आला, आणि वरातीला गावठाणातलाच ब्रास बँड. ईस्ट इंडियन लग्नात उंबराचं पाणी आणायला जातात तेव्हा हेच लोक वाजवतात, त्यांना गल्ली पाठ आहे. कोल्ड पायरोची जागा फुलांच्या पाकळ्यांनी घेतली, आणि वराच्या मित्रांनी त्यावर बरीच नाराजी दाखवली.

केटररचा तिढा शेवटपर्यंत राहिला. २०० वाढीव प्लेटवरचं १०० रुपयांचं कमिशन मालकांनी घेतलं नाही. त्याऐवजी काकांकडून अंगणाचं, वाढीव वाढप्यांचं आणि वाहतूक सांभाळणाऱ्या माणसांचं वेगळं बिल घेतलं, १८ टक्के जीएसटीसह, आकडे मांडून. काकांनी घासाघीस केली नाही. कशाचे पैसे ते दिसत होतं.

त्या संध्याकाळी

मेट्रो ४ च्या कामाने रस्ता अरुंद झालेला, त्यात शनिवार. निम्मे पाहुणे मुहूर्त टळल्यावर पोचले. ही अडचण एका अर्थाने पथ्यावर पडली, कारण गर्दी हळूहळू आली आणि पहिली पंगत लगेच बसवता आली. गाड्या रस्त्यालगतच्या एका मैदानात लावून रिक्षांनी माणसं आत आणायची सोय होती. रिक्षावाले ऐनवेळी दोनच आले. बरेच जण भरजरी साड्या सावरत गल्लीतून चालत आले.

मंगलाष्टकांच्या वेळी पायऱ्यांवरची मांडणी जमली. मागे उभ्या असलेल्यांनाही वधूवर दिसत होते. एरवी सपाट हॉलमध्ये मोबाइल वर धरलेल्या हातांपलीकडे काही दिसत नाही. अक्षता पायऱ्यांच्या दगडावर पडल्या, झाडून काढल्या. सभागृहात मोजून पाहिलं तेव्हा कधीही सत्तरच्या वर माणसं नव्हती. तिसरी पंगत ९:५० ला बसली. तिला पानं वाढून होईपर्यंत सनईवाल्यांनी वाद्यं गुंडाळली होती, आणि उरलेलं जेवण नुसत्या गप्पांत झालं. काही पाहुण्यांना ते विचित्र वाटलं, वधूच्या वडिलांनी तसं बोलून दाखवलं. वरातीचा बँड आधीच, सूनमुखाच्या अगोदर वाजवून घेतला होता, त्यावरूनही दोन्ही घरांत थोडी धुसफुस झाली. १० ची मर्यादा पाळायची तर क्रम उलटासुलटा होतो, याला माझ्याकडे तोडगा नाही. एकच सुचतं: रात्रीच्या पंगतींचं कार्य असेल तर गोरज मुहूर्त इथे घेऊच नये, सकाळचा घ्यावा.

नंतर काय बदललं

मालकांनी दर पूर्ण बदलले. जागेचं एकच भाडं, माणसं ४० असोत की ११०. अंगण हवं असेल तर त्याचा वेगळा दर, आणि अंगणासह २५० च्या वर नाही. केटरर गिऱ्हाइकाने स्वतः आणायचा. जुना केटरर दुसऱ्या हॉलकडे गेला. जागा बघायला येणाऱ्यांना आता आधी दार दाखवतात, मग कोनाडा, मग छप्पर, आणि त्यानंतर तारखांची वही उघडतात. काही जण ओट्यावरूनच परत जातात. बुकिंग घेताना गुरुजींचा किंवा विधी करणाऱ्याचा फोन नंबर घेतला जातो. ही माझी सूचना नव्हती, सुनेची होती, आणि तिने बाकी सगळ्यापेक्षा जास्त त्रास वाचवला आहे.

चातुर्मासात मुहूर्त नसतात, त्या महिन्यांत जागा बंद. पावसात कौलं तपासायची, पाऊस ओसरला की कौलांखालच्या लाकडी रिपांना वाळवी लागली का पाहायचं आणि दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत सफेदी. तुळशीच्या लग्नानंतर पहिली तारीख.

राहिला एप्रिल-मेचा प्रश्न. त्या दोन महिन्यांत मुहूर्त भरपूर असतात, मागणीही असते, आणि पंख्यावर कुणी तयार नसतं. मुलाच्या मनात वाडीच्या दुसऱ्या टोकाला जेवणासाठी वेगळी एसी शेड घालायची आहे. चॅपेलमध्ये फक्त विधी, तेही सकाळी ९ च्या आत. त्यासाठी दोन आंबे तोडावे लागतात. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागेल, आणि सासूबाईंची.